मामीचा डबा

तुळजाभवानी भाद्रपद वद्य अष्टमीला मंचकी निद्रेला जाते ती घटस्थापनेलाच उठते. देवी निजलेली असते त्या दिवसांत तुळजापुरातल्या बायकांना मात्र पाठ टेकायला उसंत नसते. गोधड्या हौदावर, पितळ चिंचेत, माळ्यावरची भांडी अंगणात. घराघरांत दसरा काढणं चाललेलं असतं. ज्या घरात सून नोकरीला, पोरं पुण्याला आणि सासूचे गुडघे गेलेले, तिथं मामीला बोलावणं जातं.

मामीचा धंदा एवढासाच. ती, हाताखाली दोघी बाया, पाण्याचा एक प्रेशर पंप आणि बादल्या. पूर्ण घराचे २,००० रुपये. दोघींची हजेरी १,०००, फिनेल, अॅसिड आणि रिक्षा मिळून ३००. उरले ७००, त्यात मामीची स्वतःची मजुरीही आली. सहा वर्षांत तिची नऊ घरं ठरून गेली होती. दसऱ्याला एकदा आणि चैत्री पौर्णिमेच्या आधी एकदा, अशी वर्षातून दोनदा. जाहिरातीवर तिनं कधी छदाम घातला नव्हता, आणि हे ती जरा तोऱ्यातच सांगायची.

२०२३ साली नोकरी सुटलेला भाचा पुण्याहून आला. चार दिवस त्यानं पाहिलं आणि म्हणाला, "मामी, तुमचं काम पुण्याच्या तोडीचं आहे, पण वेशीपलीकडं कुणाला ठाऊक नाही. दसऱ्याची लाट आलीय, आताच पैसा लावायचा."

मामीनं भिशीचे पैसे काढून दिले. चौकाचौकात फ्लेक्स, रिक्षावर भोंगा, पेपरात घालून वाटायची पत्रकं, मोबाइलवरची जाहिरात. फ्लेक्स आधी 'जि. उस्मानाबाद' असा छापला गेला. जिल्ह्याचं नाव धाराशिव झाल्याला महिनाही झाला नव्हता, छापणाऱ्यानं जुनाच ठोकळा वापरला. तो पुन्हा छापावा लागला. सगळा मिळून खर्च १८,०००. चौकातला मोठा फ्लेक्स तिसऱ्या दिवशी एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाखाली गडप झाला. (आपल्या गावांत फ्लेक्सचं आयुष्य किती, हे पुढाऱ्यांच्या जन्मतारखा ठरवतात, धंदेवाल्यानं पंचांगाबरोबर त्याही पाहून ठेवाव्यात.)

तरी फोन वाजले, आणि चांगले साठेक वाजले. अडचण तिथंच झाली. हातात दिवस बारा. नऊ घरं आधीचीच. भाच्यानं घाईनं चार नव्या बाया आणल्या, दुसरी टोळी केली आणि कशीबशी नऊ नवी घरं उरकली. बाकी पन्नास जणांनी "सध्या जमत नाही" एवढंच ऐकलं. त्या धांदलीत मामीच्या सगळ्यात जुन्या घरी, एका पुजारी काकूंकडे, नवी टोळी गेली. देवघरापुढं संगमरवर होता. संगमरवरावर अॅसिड चालत नाही, हे नव्या बाईला कुणी सांगितलंच नव्हतं. तिनं अॅसिड ओतलं. फरशीवर पांढरे चट्टे पडले ते पडलेच. पॉलिशवाल्याला मामीनं २,५०० मोजले.

नव्या नऊ घरांचे ६,३०० आले, १८,००० आणि वर २,५०० गेले.

कोजागरीला सोलापूर-कर्नाटकातून चालत येणारी गर्दी ओसरली आणि फोन थंडावला. कार्तिकात दोन कामं, मार्गशीर्षात एक. हाताखालची थोरली बाई विधवा; तिनं आठ दिवस वाट पाहिली, मग मुकादमाकडून उचल घेतली आणि भावाच्या टोळीबरोबर अर्ध्या कोयत्यावर ऊसतोडीला निघून गेली. जाताना म्हणाली, "मामी, दसऱ्याला येते की." तिला रोखायला मामीकडे शब्दही नव्हता आणि कामही.

भाचा खाली मान घालून काकूंकडे माफी मागायला गेला. काकूंनी चट्ट्यांबद्दल एक अक्षर काढलं नाही. त्यांनी एक जाडजूड वही पुढं केली. तुळजापुरात घराण्याघराण्याचे पुजारी ठरलेले असतात. काकूंच्या वहीत सोलापूर, अक्कलकोट, कलबुर्गी अशी गावं आणि त्याखाली यजमानांची नावं. कोण कधी येतं, कुणाच्या घरी लग्न झालं, कुणाचा नवस राहिलाय. यजमान येण्याच्या पंधरा दिवस आधी काकू एक पोस्टकार्ड टाकतात, ५० पैशांचं.

"म्हणजे मामीचं बरोबर होतं, खर्च करूच नये," भाचा म्हणाला.

"तिचंही चुकलंच," काकू म्हणाल्या. "तिनं मला सहा वर्षांत एक कार्ड टाकलं नाही. माझ्या जावेचं घर रिकामं पडलंय, तेही कधी विचारलं नाही. बरं, मला सांग, तुझ्या नव्या नऊ घरांपैकी पुन्हा किती बोलावतील?"

भाच्यानं आठवून पाहिलं. "दोन. फार तर तीन."

"दोन धर. एक टिकलेलं घर वर्षाला काय देतं?"

"दोनदा सातशे. चौदाशे."

"आणि ते घर तुला पडलं केवढ्याला?"

अठरा हजार भागिले दोन. भाच्याला कागद लागला नाही. नऊ हजारांना घेतलेलं घर चौदाशेनं परत फेडायला सहा वर्षांहून जास्त घेणार होतं, तेही मामीची मजुरी नफ्यात धरून.

घरी आल्यावर दोघांत बरीच वादावादी झाली. मामीला एक पैसा सोडवत नव्हता, भाच्याला पत्रकांचं भूत सोडत नव्हतं. शेवटी एक पत्र्याचा डबा ठेवायचं ठरलं. दर कामाच्या २,००० मधून २०० डब्यात; नवी गिऱ्हाइकं जोडायची असेतोवर शेकडा दहा, पुढं पाच. डब्यात नसेल तर खर्च नाही, आणि हात भरलेले असतील त्या पंधरवड्यात डब्याचं झाकण उघडायचंच नाही. ही दुसरी अट मामीची. मला स्वतःला पहिलीपेक्षा हीच शहाणपणाची वाटते; शेकडा किती हे कुणीही हिशेबनीस सांगेल.

त्या साली पाऊस हात राखून पडला होता. माघातच टँकर दिसू लागले. टँकरचं पाणी लॉजच्या टाकीत पडलं की तळाशी गाळ बसतो, आणि यात्रेकरू पहिली तक्रार बादलीतल्या पाण्याची करतो. भाचा पायी दहा लॉज फिरला. प्रत्येकाची एक टाकी फुकट धुऊन दिली, आतला गाळ मालकाला बादलीत दाखवला. गूगलच्या नकाशावर धंद्याचं नाव चढवलं, त्याला पैसे पडलेच नाहीत. धाकटीची हजेरी आणि क्लोरीन मिळून डब्यातले १,६०० गेले. चार लॉज दरमहा ठरले. जुन्या नऊ घरांना चैत्राआधी पोस्टकार्डं गेली. सात घरांनी तारखा दिल्या, आणि काकूंच्या जावेनंही.

पुढल्या दसऱ्याला थोरली परत आली. दसरा उरकल्यावर डबा उघडला तर ८,४०० निघाले. भाच्यानं आधीच विचार करून ठेवला होता: आता काम मंदावणार, म्हणजे फ्लेक्सची हीच वेळ, आणि पुढाऱ्यांचे वाढदिवसही त्यानं पाहून ठेवले होते.

मामीनं ८,००० मोजून वेगळे काढले. दोन महिने आठवड्याला दोन दिवस, काम असो नसो, थोरलीला पाचशे हजेरी. मुकादम परवा येणार होता.

"मामी, हा कुठला जाहिरातीचा खर्च? हा मजुरीचा झाला."

"लॉजवाले फोनवर काय म्हणत्यात रं? माझं नाव घेत्यात का तुझ्या फ्लेक्सचं?"

ते म्हणायचे, त्या थोरल्या बाईला पाठवा. भाच्यानं वही ओढली, 'जाहिरात' या मथळ्याखाली लिहिलं: थोरलीची हजेरी, ८,०००. उरलेल्या चारशेतून तो पोस्टकार्डं आणायला गेला.