मांजरीचे दात आणि आपली रहमत

मांजर पिल्लाची मान तोंडात धरून निघाली की घरातील मुले ओरडतात, "चावली, चावली!" उंदराचा जीव घेणारे तेच दात पिल्लाच्या मानेवरील सैल कातडी ओरखडाही न उमटवता धरतात, आणि पिल्लू अंग सोडून निश्चल होते. अल्लाहने रहमतीच्या शंभर भागांपैकी एकच भाग पृथ्वीवर उतरविला व त्यामुळेच घोडी आपल्या शिंगरावर पडू नये म्हणून खूर उचलून धरते, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितल्याचे सहीह बुखारीत आहे. घोडीच्या खुराचे जे, तेच मांजरीच्या दातांचे.

प्रश्न आपल्या रहमतीचा आहे. जागा बदलताना मांजर एका वेळी एकच पिल्लू नेते. मागे राहिलेले पाहून आपण "आईने टाकले" असा निवाडा देतो आणि ते उचलून आणतो. मीही एकदा आणले. तासाभराने ती आली आणि रिकामा कोपरा हुंगत राहिली. माझी दया खरी होती, पण ती बदगुमानीवर उभी होती. प्रवासात काही सहाबांनी एका पक्षिणीची पिल्ले घेतली, तेव्हा प्रेषितांनी (स.) ती परत करविली.

मात्र कधी ती दुबळे पिल्लू खरोखरच सोडून देते. तिला दोष कसा द्यावा? हिशेब तिला नाही, आपल्याला द्यायचा आहे; मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या स्त्रीची हदीस सर्वांना ठाऊक आहे. म्हणून आधी दुरून वाट पाहावी. आई फिरकलीच नाही आणि पिल्लू गार पडू लागले, तर उचलून ऊब द्यावी.