रस्ता मोकळा, दार मिटलेलं

गणेश चतुर्थीच्या आदल्या रात्री मंडळांची, दुकानदारांची आणि नगरसेवकांच्या कार्यकर्त्यांची एकच धांदल उडालेली असते. सकाळी फेसबुक-इन्स्टाग्रामवर शुभेच्छा टाकायच्या आहेत आणि त्यासाठी गणपतीचा देखणा फोटो हवा आहे. गुगलवर शोधलं की शेकडो मूर्ती समोर येतात. त्यातली एक उचलायची, खाली मंडळाचं नाव टाकायचं, झालं काम. हा फोटो कुणी काढला, असं कुणी विचारलंच तर दोन ठरलेली उत्तरं मिळतात. एक, देव काय कुणाच्या मालकीचा आहे? आणि दुसरं, आम्ही घेतला म्हणून फोटोवाल्याचं काय गेलं? त्याचा फोटो त्याच्याकडे आहेच की!

पहिल्या उत्तरात फार दम नाही. देव सगळ्यांचा असला तरी गर्दीत तासन् तास ताटकळून, नेमका उजेड साधून तो फोटो टिपणारा माणूस एकच असतो. दुसरं उत्तर मात्र चिवट आहे. चोरी म्हटली की एकाचं गेलं आणि दुसऱ्याला मिळालं, असं चित्र डोळ्यांसमोर येतं. इथे कुणाचं काहीच जात नाही. मग याला चोरी म्हणायचं तरी कसं?

जैन आचार्यांनी या प्रश्नाची उकल पूर्वीच करून ठेवली आहे. उमास्वातींच्या ‘तत्त्वार्थसूत्रा’त चोरीची व्याख्या करताना मालकाच्या नुकसानीचा उल्लेखसुद्धा नाही. न दिलेलं घेणं म्हणजे चोरी, एवढीच कसोटी. महाराष्ट्रातल्या बौद्ध विहारांमध्ये म्हटल्या जाणाऱ्या पंचशीलातलं दुसरं शीलही हेच सांगतं. मालकाच्या घरात काय उरलं याची मोजदाद इथे होत नाही. घेणाऱ्याला ते कुणी दिलं होतं का, एवढंच विचारलं जातं.

व्याख्या इतकी कडक केली की लगेच अडचण उभी राहते, आणि ती टीकाकारांच्या नजरेतून सुटली नाही. पूज्यपादांनी ‘तत्त्वार्थसूत्रा’वरच्या ‘सर्वार्थसिद्धी’ या टीकेत शंका मांडली आहे : मुनी भिक्षेसाठी गावात फिरतो, रस्त्यांवरून चालतो, वेशीतून आत येतो. हे सगळं त्याला कुणी दिलं होतं? मग तोही चोरच ठरेल. पूज्यपादांचं उत्तर असं की रस्ता आणि वेस सर्वांसाठी मोकळी सोडलेली असते, म्हणून तिथे दोष लागत नाही. मिटलेल्या दारातून मात्र मुनी आत जात नाही, कारण ते दार मोकळं सोडलेलं नसतं.

इंटरनेटवरचा घोळ नेमका इथेच आहे. तिथे सगळंच रस्त्यावर मांडल्यासारखं दिसतं. शोधयंत्र फोटो दाखवतं, पण तो देण्याचा अधिकार त्याच्याकडे नसतो. गुगलच्या चित्रशोधात ‘वापराचे हक्क’ अशी एक चाळणी आहे. तिथे वापराची मुभा आधीच देणाऱ्या क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याची चित्रं वेगळी काढता येतात. तीही मूळ पानावर जे लिहिलंय तेवढंच सांगते. तिथे लिहिणारा खोटं बोलत असेल, तर त्याची खातरजमा ती करत नाही.

कुठलं दार मिटलेलं आहे हे भारतात १९५७चा कॉपीराइट कायदा सांगतो. चित्रावरचा हक्क चित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. आधी ही मुदत ५० वर्षं होती. रवींद्रनाथ टागोर १९४१ साली गेले, त्यांच्या साहित्यावरचे हक्क १९९१च्या अखेरीस संपणार होते आणि त्याच सुमारास कायद्यात दहा वर्षं वाढवण्यात आली. फोटोंची मुदत पूर्वी प्रकाशनापासून मोजत. २०१२च्या दुरुस्तीनंतर फोटोग्राफरही चित्रकाराच्या रांगेत आला.

या हिशेबात राजा रविवर्मा केव्हाच मोकळे झाले. ते १९०६ साली वारले. १८९४ साली मुंबईत सुरू झालेला आणि पुढे लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेलेला त्यांचा छापखाना तिथे छापलेली लक्ष्मी आणि सरस्वती घराघरांत पोचवत होता. आज त्या चित्रांसाठी कुणाची परवानगी लागत नाही. पण चतुर्थीच्या गणपतीचं तसं नाही. सार्वजनिक ठिकाणी कायम बसवलेल्या शिल्पाचा फोटो काढायला आणि छापायला कायद्याची मुभा आहे. चौकातला पुतळा त्यात सहज बसतो. मंडपातली मूर्ती दहा दिवसांनी विसर्जित होते, तिला ‘कायम बसवलेली’ म्हणणं अवघड. म्हणजे त्या एका फोटोत मूर्तिकाराचा हक्क वेगळा आणि फोटोग्राफरचा वेगळा असू शकतो.

मग मोकळं म्हणजे नेमकं काय? मुदत संपून मोकळं होणं ही एक वाट. दुसरी वाट स्वखुशीने सोडण्याची, आणि तिचा विचार धर्मशास्त्रात फार बारकाईने झालेला आहे. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’मध्ये दान आणि उत्सर्ग यांतला फरक उलगडून दाखवला आहे. दानात वस्तू एकाची सुटून दुसऱ्याची होते आणि दात्याचा तिच्याशी संबंध संपतो. विहीर, तळं किंवा बाग लोकांसाठी सोडली की तो उत्सर्ग. त्यात मालकी सुटते, पण ती कुणा एकाकडे जात नाही. सोडणारा माणूससुद्धा चारचौघांसारखा त्याच तळ्यावर पाणी भरू शकतो.

अमेरिकन फोटोग्राफर कॅरल हायस्मिथ यांनी असाच उत्सर्ग केला. हजारो छायाचित्रं त्यांनी लायब्ररी ऑफ काँग्रेसला देऊन लोकांसाठी मोकळी केली. पुढे त्यांच्याच संस्थेच्या संकेतस्थळावर त्यांनीच काढलेला फोटो दिसला, म्हणून फोटोंचा धंदा करणाऱ्या गेटी इमेजेसशी जोडलेल्या एका कंपनीने १२० डॉलर मागितले. हायस्मिथ २०१६ साली तब्बल १ अब्ज डॉलरच्या दाव्यासह न्यायालयात गेल्या. दाव्याचा मुख्य भाग फेटाळला गेला आणि उरलेलं प्रकरण तडजोडीने मिटलं. तळ्याचं पाणी त्यांना भरता येत होतं, पण तेच पाणी बाटलीत घालून विकणाऱ्याला थांबवणं त्यांच्या हाती उरलं नव्हतं. उत्सर्गाची किंमत कधीकधी इतकी मोजावी लागते.

सगळ्यांचीच ती मोजायची तयारी नसते. म्हणून क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेने २००२पासून अटींसह देण्याची सोय केली. एका परवान्यात फक्त नाव देण्याची अट असते. दुसऱ्यात, बदल करून तयार केलेलं चित्रही त्याच अटींवर इतरांना द्यावं लागतं. काही परवाने धंद्यासाठी वापर नाकारतात, काही बदल करायला मनाई करतात. मिठाईच्या दुकानाची शुभेच्छा धंद्यात मोडते आणि फोटोवर मंडळाचं नाव छापणं बदलात मोडू शकतं, हे लक्षात घेतलं की अर्धे फोटो आपोआप बाद होतात. २००९ साली आलेला याच संस्थेचा ‘सीसी झीरो’ मात्र कसलीच अट घालत नाही. न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयाने फेब्रुवारी २०१७मध्ये पावणेचार लाखांच्या घरातल्या प्रतिमा त्याखाली मोकळ्या केल्या. फुकट फोटो देणाऱ्या अनस्प्लॅश या संकेतस्थळाने त्याच वर्षी उलटी चाल केली : ‘सीसी झीरो’ सोडून स्वतःचा परवाना आणला. तिथले फोटो आजही फुकट वापरता येतात, पण जसेच्या तसे विकता येत नाहीत. म्हणजे ‘फुकट’ आणि ‘मोकळं’ या दोन गोष्टी तिथेही एक नाहीत.

‘तत्त्वार्थसूत्र’ अस्तेयव्रताचे, म्हणजे चोरी न करण्याच्या व्रताचे, पाच अतिचार (व्रताला लागणारे दोष) सांगतं. त्यांतले तीन इथे हुबेहूब लागू पडतात. चोरून आणलेला माल घेणं, म्हणजे पिंटरेस्टवर तिसऱ्यानेच टाकलेला फोटो उतरवून घेणं. राज्याचा नियम ओलांडणं, म्हणजे परवान्याची अट झुगारणं. आणि नकली वस्तू अस्सल म्हणून खपवणं, म्हणजे कोपऱ्यातलं फोटोग्राफरचं नाव कापून आपलं चिकटवणं. शेवटची गोष्ट आपला कायदाही गंभीरपणे घेतो. हक्क विकून टाकले तरी कृती आपली आहे हे सांगण्याचा कलावंताचा अधिकार कलम ५७नुसार त्याच्याकडेच राहतो.

महात्मा गांधींनी अस्तेय आणखी ताणलं. गरजेपेक्षा जास्त घेणं हीसुद्धा त्यांच्या लेखी चोरी होती. ‘हिंद स्वराज’ची इंग्रजी आवृत्ती १९१० साली निघाली तेव्हा कुठलाही हक्क राखून ठेवलेला नाही, असं त्यांनी पुस्तकावरच छापलं. पुढे मात्र त्यांनी आपल्या लेखनाचे हक्क नवजीवन ट्रस्टकडे सोपवले. तेही २००८च्या अखेरीस संपले.

राहिली ती ज्यांचा वालीच सापडत नाही अशी चित्रं : जुनं कॅलेंडर, पुसट सही, बंद पडलेला छापखाना. निनावी कृतीची मुदत कायदा प्रकाशनापासून ६० वर्षं धरतो, पण प्रकाशनाचं सालच माहीत नसेल तर हिशेब तिथेच अडतो. आचार्य समंतभद्र ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त याहून कडक आहेत. ठेवलेली, पडलेली किंवा विसरून राहिलेली परकी वस्तू श्रावकाने, म्हणजे जैन गृहस्थाने, स्वतः घेऊ नये आणि दुसऱ्यालाही देऊ नये, असं ते सांगतात. फॉरवर्ड करणाऱ्यांची पळवाट त्यात बंद होते. २००४ साली सुरू झालेला विकिमीडिया कॉमन्स हा चित्रसंग्रह जवळपास याच रीतीने चालतो. चित्र मोकळं असल्याचा पुरावा ते चढवणाऱ्याने द्यायचा असतो. धंद्यासाठी वापर किंवा बदल नाकारणारे परवाने तिथे चालत नाहीत, आणि मोकळेपणाबद्दल सबळ शंका असेल तर मालक तक्रार करायला येणार नाही हे ठाऊक असूनही चित्र काढून टाकलं जातं.