स्वरांतराचे स्पष्टीकरण आणि स्पष्टीकरणाची नीती

षड्ज आणि पंचम यांच्यात अंतर किती, हा प्रश्न वरवर पाहता संगीतशास्त्रातील अगदी प्राथमिक प्रश्न वाटतो. त्याला निदान तीन उत्तरे दिली जातात. पहिले उत्तर संख्येचे आहे : दोन स्वरांच्या कंपनसंख्यांचे प्रमाण २:३ असते, तार दोन-तृतीयांश लांबीवर दाबली की पंचम मिळतो. दुसरे उत्तर मोजणीचे आहे : पाश्चात्त्य संगीतात या अंतराला ‘पाचवे’ म्हणतात, भरताच्या परंपरेत ते तेरा श्रुतींचे मानतात. तिसरे उत्तर गायकाचे असते : तंबोरा नीट जुळवा आणि ऐका, जे ऐकू येईल तेच ते अंतर. या तीन उत्तरांचे समर्थक एकमेकांशी भांडत आले आहेत. त्या भांडणाची तीव्रता मात्र प्रश्नाच्या आकाराशी विसंगत आहे. ध्वनीच्या वस्तुस्थितीविषयी त्यांच्यात फारसा मतभेद नसतो. खरा मतभेद ‘समजावून सांगणे’ कशाला म्हणायचे आणि तसे करण्याचा अधिकार कोणाचा, याविषयी असतो. प्रस्तुत विवेचनाचा रोख या दुसऱ्या प्रश्नाकडे आहे.

हा वाद जुना आहे. ग्रीक परंपरेत पायथागोरसपंथीयांनी स्वरसंवादाचे मूळ संख्येत पाहिले, तर इ. स. पूर्व चौथ्या शतकातील आरिस्तोक्सेनसने स्वरांचा निवाडा श्रवणाने आणि बुद्धीने करायचा, केवळ गुणोत्तरांनी नव्हे, असा पक्ष मांडला. मराठी भाषकांना मात्र या वादासाठी ग्रीसपर्यंत जाण्याचे कारण नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली हिंदू स्वरसप्तक आणि बावीस श्रुती यांवर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. गायकाच्या गळ्यातून येणारे स्वर तारेवर मोजून प्राचीन श्रुतींची गुणोत्तरे निश्चित करावीत, असा त्यांचा प्रयत्न होता. सनदी सेवेतील ई. क्लेमंट्स या कामात त्यांच्यासोबत होते आणि अब्दुल करीम खाँ यांचे गायन त्यांना उपलब्ध झाले होते. याच काळात भातखंडे ‘हिंदुस्थानी संगीतपद्धती’ मराठीत लिहीत होते. त्यांनी रागांची व्यवस्था बारा स्वरांच्या आणि दहा थाटांच्या आधारे लावली. १९१६ साली बडोद्यात भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेतही श्रुतींचा प्रश्न चर्चेला आला. वादाला कारण असलेला सप्तकाचा नाद दोन्ही पक्षांच्या कानांवर सारखाच पडत होता. एकाला मात्र त्यातील सूक्ष्म भेदांचे गणित हवे होते आणि दुसऱ्याला शिकवता येईल अशी रचना.

येथे ‘श्रुती’ या संज्ञेकडे थोडे बारकाईने पाहिले पाहिजे. षड्जग्रामात सात स्वरांच्या श्रुती अनुक्रमे चार, तीन, दोन, चार, चार, तीन, दोन अशा सांगितल्या आहेत. बेरीज बावीस. ज्यांच्यात नऊ किंवा तेरा श्रुतींचे अंतर ते स्वर परस्परांचे संवादी. अष्टकाचे बावीस समान भाग मानले आणि एलिस यांनी १८८५ साली रूढ केलेल्या ‘सेंट’ या एककात (अष्टक = १२००) हिशेब केला, तर तेरा श्रुतींचे अंतर सुमारे ७०९ भरते. शुद्ध संवादाचा पंचम मात्र ७०२च्या आसपास असतो. म्हणजे श्रुती समान मानल्या तर संवाद किंचित बिघडतो. संवाद शुद्ध ठेवायचा तर श्रुती असमान मानाव्या लागतात. मग सुमारे २२, ७१ आणि ९० सेंट अशा तीन मापांच्या श्रुती कल्पून बावीसचा हिशेब जुळवला जातो. हिशेब जुळतो, यात शंका नाही. परंतु भरताने ही तीन मापे कोठेही दिलेली नाहीत. ती मागाहून आलेल्या स्पष्टीकरणाची गरज आहे. स्पष्टीकरणाची गरज आणि मूळ संहितेचा आशय यांची गल्लत होणे आपणा साहित्याच्या अभ्यासकांना अपरिचित नाही.

भरताने दिली आहे ती एक कृती. सारखा स्वर लावलेल्या दोन वीणा घ्याव्यात. एक अचल, दुसरी चल. चल वीणेवरचा पंचम इतका उतरवावा की तो मध्यमग्रामाचा होईल, म्हणजे ऋषभाशी संवाद करू लागेल. हे उतरवणे म्हणजे प्रमाणश्रुती. मग उरलेले स्वरही उतरवून तिचा पुन्हा षड्जग्राम करावा. दुसऱ्या सारणेत चल वीणेचे गांधार-निषाद अचल वीणेच्या ऋषभ-धैवतात मिळतात, तिसरीत ऋषभ-धैवत षड्ज-पंचमात, आणि चौथीत षड्ज, मध्यम, पंचम हे निषाद, गांधार, मध्यमात. पुढील सारणांत स्वर पहिल्याइतकाच उतरवायचा की नाही, यावर विद्वानांचे एकमत नाही. तथापि स्पष्टीकरणाचा हा प्रकार विशेष लक्षणीय आहे. येथे श्रुती किती मोठी हे सांगितलेले नाही. ती कशी सापडते हे सांगितले आहे. आणि सापडली की नाही याचा निर्णय ऐकणाऱ्याच्या कानावर सोपवला आहे.

आता नैतिक प्रश्नाकडे येऊ. संख्यावादी स्पष्टीकरणाचा दोष ते संख्येत बोलते हा नव्हे. संख्या सार्वजनिक असते. ती कोणत्याही घराण्याची नसते आणि तिच्यापुढे शिष्य व उस्ताद समान असतात. हा तिचा मोठाच गुण मानला पाहिजे. दोष निर्माण होतो तो वर्णनाचा नियम होतो तेव्हा. जैराझभॉय आणि स्टोन यांनी १९६३ साली उत्तर हिंदुस्थानी कलावंतांच्या ध्वनिमुद्रणांतील स्वर मोजले, तेव्हा कलावंताकलावंतांत स्वरस्थानांचा फरक दिसून आला आणि कोणतेही एक ठरीव गुणोत्तर आदर्श म्हणून सिद्ध झाले नाही. अशा वेळी दोन मार्ग उरतात : सिद्धान्त तपासावा, किंवा गाणाऱ्याला बेसूर ठरवावे. दुसरा मार्ग स्वीकारणाऱ्याने स्पष्टीकरण देणे थांबवून न्यायनिवाडा सुरू केलेला असतो आणि तेही आरोपीचे म्हणणे न ऐकता.

अशा निवाड्यांची किंमत कोणीतरी मोजतो. हार्मोनियमच्या ठरीव पट्ट्यांतून आपल्या संगीतातील सूक्ष्म स्वरभेद निघत नाहीत, हा आक्षेप तांत्रिक दृष्ट्या खराच होता. समविभागी सप्तकाचा तीव्र गांधार ४०० सेंटवर असतो, तर तंबोऱ्याच्या नादात ऐकू येणारा ३८६च्या जवळ. परंतु १९४० साली ऑल इंडिया रेडिओने या वाद्यावर बंदी घातली आणि ती सुमारे तीन दशके टिकली. ज्या वाद्यावर मराठी संगीत रंगभूमी उभी होती, ज्याला गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी प्रतिष्ठा मिळवून दिली, ते वाजवणाऱ्यांच्या उपजीविकेचा एक दरवाजा बंद झाला. चौदा सेंटचा फरक हे वर्णन आहे. ‘म्हणून हे वाद्य आपले नव्हे’ हे वर्णन नाही. त्या दोन वाक्यांमधील अंतर कोणत्याही गुणोत्तराने भरून निघत नाही.

उलट पक्षही निर्दोष नाही. ‘हे सांगून कळायचे नाही, बसून ऐकावे लागेल’ या वाक्यात सत्य आहे आणि सत्तेचाही अंश आहे. ज्ञान कानात असते हे मान्य केले, तरी कोणाच्या कानापर्यंत ते पोहोचू द्यायचे हे ठरवणारा कोणी तरी असतोच. शतकानुशतके ते जातीने, घराण्याने, गंडाबंधनाने ठरले. अशा व्यवस्थेत ‘का?’ असे विचारणाऱ्या नवख्याला अनुभवाकडे बोट दाखवणे ही अनेकदा उत्तर नाकारण्याची सभ्य रीत ठरते. भातखंड्यांनी आपला ग्रंथ गुरुशिष्यांच्या प्रश्नोत्तरांतून लिहिला, या गोष्टीला म्हणूनच केवळ शैलीपुरते महत्त्व नाही. शिष्याला शंका विचारण्याचा अधिकार तेथे रचनेतच गृहीत धरलेला आहे.

मग तिन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर, असे म्हणून थांबावे काय? हा समन्वय सोयीचा, पण अपुरा आहे. संख्या ‘हे स्वर का जुळतात’ याचे भौतिक कारण सांगते. ते जुळणे आपणास गोड का वाटते, हे ती सांगत नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात बोलिव्हियातील अमेझॉन खोऱ्यात राहणाऱ्या त्सिमाने लोकांना संवादी व विसंवादी स्वरमेळ सारखेच सुखद वाटल्याचे आढळले. म्हणजे कानही निसर्गाचा तटस्थ साक्षीदार नाही. तोही संस्काराने घडतो. भरताची कृतीसुद्धा संवाद ओळखणारा कान अगोदरच गृहीत धरते. प्रत्येक स्पष्टीकरण अशा रीतीने कोठे तरी अस्पष्टीकृत जमिनीवर उभे असते. प्रामाणिक स्पष्टीकरण आपली ही जमीन लपवत नाही, एवढाच फरक करता येतो. ‘पाचवे’ या नावात दोन्ही टोके मोजलेली असतात, म्हणून दोन ‘तिसरी’ मिळून ‘सहावे’ न होता ‘पाचवे’ होते. नवशिक्याचा हा गोंधळ त्याच्या मंदबुद्धीतून आलेला नसून नाव ठेवणाऱ्यांच्या संकेतातून आला आहे, हे त्याला सांगणे ही शिक्षकाची जबाबदारी आहे. संकेताला निसर्ग म्हणून खपवणे हा अध्यापनातील नित्याचा अपराध होय.

साहित्यसमीक्षेला हा विचार परका नाही. वर्गात कविता शिकवताना मीही मात्रा मोजून दाखवल्या आहेत आणि मोजणी संपल्यावर एखाद्या विद्यार्थ्याने ‘पण ती उदास का वाटते?’ असे विचारल्यावर ‘सहृदयाला कळते’ असे म्हणून वेळ मारून नेली आहे. पहिल्या वेळी मी त्याच्या प्रश्नाऐवजी माझ्या प्रश्नाचे उत्तर दिले. दुसऱ्या वेळी त्याला सहृदयांच्या यादीतून वगळले. त्या दोन्ही वेळा मी समजावत नव्हतो. समजावणे म्हणजे ऐकणाऱ्याला अशा जागी आणून उभे करणे, की जेथून तो आपले म्हणणे स्वतः पडताळू शकेल आणि गरज पडल्यास आपल्याला चूकही ठरवू शकेल. चल वीणा त्याच्या हाती देणे हा त्यातला सोपा भाग आहे. त्याला वेगळे काही ऐकू आले, तर आपली अचल वीणाही पुन्हा लावून पाहण्याची तयारी ठेवणे, हा अवघड.