मार्जारन्याय

शाळेला उन्हाळ्याची सुटी लागली की मी साताऱ्याहून गावी जातो. औदुंबरापासून कोसभरावर, कृष्णाकाठी आमचे गाव आहे. तिथे माझी आई एकटी राहते; एकटी म्हणायचे ते माणसांच्या हिशेबाने. तिच्याजवळ मनी नावाची मांजर आहे आणि मनीला सदैव पिले असतात. मांजरीचे दिवस नऊ आठवड्यांत भरतात, आणि अंगावरची पिले पुरती सुटण्याआधीच ती पुन्हा गाभण राहू शकते. तिच्या पिलांतली काही बोका मारतो, काही कुत्री नेतात, काही कोणी पोत्यात घालून मळीला सोडून येतो. उरतात त्या पुन्हा पिले घालतात. या वर्षी मी ठरवले, की हे थांबवायचे.

सांगलीला माझा एक जुना विद्यार्थी जनावरांचा डॉक्टर आहे. सातारा जिल्ह्यात शिरवळला १९८८ सालापासून जे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे तो शिकला. फोनवर त्याने पहिला प्रश्न विचारला तो मनीविषयी नव्हता.

"गुरुजी, पिलं केवढी आहेत?"

"पाच आठवड्यांची. चार आहेत."

"मग आठ आठवड्यांची होऊ द्या. दूध सुटलं की आचळांची सूज उतरते, आमचं कामही सोपं होतं. तोवर तिला घरात कोंडून ठेवता येईल का?"

आईच्या घराला कौलांखालून मांजराला चार वाटा आहेत, आणि माझी सुटी संपत आली होती. हे ऐकल्यावर तो म्हणाला, "मग आणा आत्ताच. पिलं भात चाटायला लागली असतील, चालेल. मात्र पिलंही बरोबर आणा."

दुसऱ्या दिवशी एका टोपलीत मनी आणि दुसरीत तिची चार पिले घेऊन मी सांगलीला गेलो. रस्ताभर मला एकच शंका टोचत होती. मनीचे गर्भाशय आणि अंडाशय काढून टाकणार. मग दूध कुठून येणार? पोरे जिथून येतात तिथूनच त्यांचे दूधही येत असावे, असा माझा अडाणी समज होता. तो मी बोलून दाखवला. माझा विद्यार्थी हसला नाही. आता तो शिकवत होता आणि मी बाकावर बसलो होतो. तो म्हणाला, की दुधाचा हुकूम गर्भाशयातून सुटत नाही; मेंदूच्या तळाशी एक लहान ग्रंथी असते, तिथून सुटतो. पिलू आचळ ओढते, ती खबर नसांवाटे मेंदूला पोचते. मग प्रोलॅक्टिन नावाच्या द्रव्यामुळे दूध तयार होते आणि ऑक्सिटोसिनमुळे ते पान्ह्याला येते. पिले ओढीत राहिली तर दूध राहते. ओढायची थांबली तर आटते. मनीच्या पोटाखाली आचळे भरलेली होती, म्हणून त्याने तिच्या कुशीला छेद घेतला. पुरती शुद्ध येईपर्यंत पिलांना तिच्याजवळ जाऊ दिले नाही.

संध्याकाळी घरी आल्यावर मी टोपल्या उघडल्या. औषधांच्या वासाने की वेदनेने, पहिले पिलू जवळ येताच मनी फिस्कारली. माझ्या काळजाचा ठोका चुकला. नंतर तिने त्याला हुंगले, जखमेची कूस वर ठेवून ती आडवी झाली, आणि चारही पिले तिला लुचू लागली. मी आनंदाने म्हणालो, "आई, बघ, पाजते आहे!"

आई चुलीपुढे बसली होती. मागे न वळता ती म्हणाली, "पाजंल की. तुला न्हाई पाजलं मी तसंच?"

मला काही उमगले नाही. मग तिने जे सांगितले, ते चाळीस-बेचाळीस वर्षांत मला ठाऊक नव्हते. १९८२ साली तालुक्याच्या गावी कुटुंबनियोजनाचे शिबिर भरले होते. मी तिचे चौथे मूल, तीन महिन्यांचा, अंगावर पिणारा. तिला नेले, नळ्या बांधल्या, आणि संध्याकाळी मला तिच्या कुशीत घातले.

"तुला विचारलं होतं का कुणी?"

"तुझ्या आजीला इचारलं. तुझ्या बापाला इचारलं. मला कोन इचारतंय?" थोडा वेळ ती गप्प राहिली. "इचारलं असतं तर व्हयच म्हनाले असते मी. चार झाली हुती. पर इचारलं न्हाई."

या दोन वाक्यांतल्या 'पर'वर मी सुटीभर विचार करीत राहिलो. उत्तर तेच येणार असेल, तर विचारण्याने काय साधते? हिशेबी माणूस म्हणेल, काहीच नाही. लोकसंख्या तेवढीच, शस्त्रक्रिया तीच. अशाच हिशेबाने महाराष्ट्राच्या विधिमंडळाने १९७६ साली सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले होते. ते कायदा झाले नाही, हे आपले सुदैव. आणीबाणीनंतर पुरुषांची नसबंदी मागे पडली आणि सारा भार बायकांवर आला. परंतु माझ्या आईला चाळीस वर्षे जे सलत राहिले, ते शस्त्रक्रियेचे दुःख नव्हते. आपले शरीर ज्या कामी आले, त्या कामात आपला शब्द नव्हता, हे ते दुःख होते.

माणसाला विचारता येते. म्हणून न विचारणे हा अपराध. मनीला विचारता येत नाही. मग तिच्याबाबतीत आपण मोकळे झालो का?

रामानुजाचार्यांच्या मागून त्यांच्या संप्रदायात दोन पंथ पडले. एक म्हणतो, भक्ताने माकडाच्या पिलासारखे आईला घट्ट धरावे, तो मर्कटन्याय. दुसरा म्हणतो, मांजराचे पिलू काहीच करीत नाही, आई त्याला मानगुटीला धरून नेईल तिथे ते जाते, तो मार्जारन्याय. मी मनीला मानगुटीला धरूनच टोपलीत घातले होते. पिलांना मांजर काही विचारत नाही, हे खरे. पण त्या न्यायात उचलणारी आई असते, हे आपण विसरतो. सात घरे फिरवून झाली तरी तीच त्यांना चाटते, तीच पाजते. न विचारता उचलण्याचा अधिकार तिला पाजण्यातून मिळालेला आहे. ज्याला पाजायचे नाही, त्याने उचलू नये. मग तो सरकार असो, मालक असो, की सुटीवर आलेला शहाणा मुलगा असो.

मनीची यापुढची सारी बाळंतपणे मी एका दिवसात पुसून टाकली. ते बरोबर होते असे मला आजही वाटते. मळीला पडलेली पोती मी पाहिली आहेत. परंतु ते बरोबर ठरण्याची किंमत शस्त्रक्रियेच्या खर्चात भागत नाही. तिची जखम भरेपर्यंत बघणे, चार पिलांना घरे शोधणे, त्यांची वेळ आली की त्यांनाही सांगलीला नेणे, हे सारे त्या किमतीत धरायचे. दूध जसे मागणाऱ्याच्या ओढीने येते, तसे कर्तव्यही कुणी ओढीत राहिले तरच वाहते. आणि मुकी जनावरे ओढीत नाहीत, म्हणून ते चटकन आटते.

निघायच्या दिवशी हे सारे मी आईला मोठ्या उत्साहाने सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "समदं खरं. पर मांजर माजी हाय. न्यायच्या आदी मला तरी इचारलंस का?"

मी विचारले नव्हते.

आता दर शनिवारी शाळा सुटली की मी साताऱ्याला गाडीत बसतो आणि भिलवडीला उतरतो. मनीची जखम केव्हाच भरून आली आहे. एक पिलू अजून आईजवळ आहे, त्याला घर मिळायचे आहे. ते कुणाला द्यायचे, हे आई ठरवणार आहे.