धुतलेलं इंजिन



मागच्या गुरुवारी वाचन झाल्यावर एका ताईंनी विचारलं होतं, "खोटं बोलू नये हे कळलं. पण नुसतं गप्प राहिलं तर ते खोटं होतं का?" बरीच चर्चा झाली. अश्वत्थाम्याची गोष्ट निघाली, धर्मराजाचा चार बोटं वर चालणारा रथ जमिनीला टेकला तीच. मी काही बोललो नाही. प्रसाद घेतला आणि घरी आलो. खरं म्हणजे ताईंच्या प्रश्नाचं एक उत्तर माझ्यापाशी होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. आज लिहितो आहे.

2022 च्या दिवाळीआधी मी वडिलांची मारुती 800 विकली. 2001 सालची गाडी. राजेंद्र नगरला आमच्या दारात ती जिथे उभी राहायची तिथे ऑइलचा काळा डाग कायमचा. आपलं शहर 2017 मध्ये स्वच्छतेत पहिलं आलं, तेव्हापासून आमच्या सौं.ना त्या डागाची फारच लाज वाटू लागली; राख टाकून घासायच्या, दोन दिवसांनी पुन्हा तेच. वडील दर रविवारी बॉनेट उघडून गेज बघायचे, कमी असेल तेवढं ऑइल घालायचे. ते असेपर्यंत गाडीने कधी दगा दिला नाही.

विकायच्या वेळी एकाने सल्ला दिला, "आधी इंजिन धुऊन घ्या, गिऱ्हाईक खूश होतं." धुऊन घेतलं. प्रेशरच्या पाण्याने असं चकचकीत झालं की मलाच नवं वाटलं.

देवासचा एक मुलगा आईला घेऊन गाडी बघायला आला. बॉनेट उघडून म्हणाला, "काका, इंजिन तर एकदम सुकं आहे. म्हणजे ऑइलचा काही त्रास नाही ना?" मी म्हणालो, "तुम्ही तुमच्या मिस्त्रीला दाखवून घ्या, मनाचं समाधान करून घ्या." या वाक्यात एक शब्द खोटा नाही. यावर त्याची आई म्हणाली, "अरे, आपलेच लोक आहेत, मिस्त्री कशाला?" मी हसलो. पैसे मिळाले, कागद झाले, गाडी गेली. गेज दर आठवड्याला बघावा लागतो एवढंही मी सांगितलं नाही. ऑइल कमी पडलं की इंजिन आतून घासतं, बेअरिंग जातात, कधी इंजिन जागच्या जागी जाम होतं. हे मला माहीत होतं.

नंतर विसरलो. अगदी खरं सांगतो, टोचणी वगैरे काही लागली नाही.

यंदा पावसाळ्यात माझी वॅगन-आर गळायला लागली. थेंब खाली चेंबरपाशी पडायचा, म्हणून चेंबरचं पॅकिंग बदलून घेतलं. पंधरा दिवसांनी पुन्हा थेंब. मग एका जुन्या मिस्त्रीकडे गेलो. तो म्हणाला, "भिया, पहले धोना पड़ेगा."

हे ऐकल्यावर मला कसंतरीच झालं.

मिस्त्रीने धुतलं ते निराळं. इंजिन थंड होऊ दिलं, वायरिंग आणि हवेच्या फिल्टरचं तोंड प्लास्टिकने बांधलं, केरोसीन आणि ब्रशने एकेक खाच साफ केली, पुसून कोरडी केली. मग डब्यातून टाल्कम पावडर काढली, आपण पोरांना लावतो तीच, आणि इंजिनवर भुरभुरवली. "राऊपर्यंत जाऊन या." जाऊन आलो. टॉर्च लावून बघितलं तर पांढऱ्या पावडरीवर एक बारीक ओली रेघ, पार वरून, टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून निघालेली. ऑइल तिथून इंजिनच्या अंगावरून ओघळत यायचं, चालत्या गाडीत समोरचा वारा ते मागे ढकलायचा, आणि टपकायचं चेंबरपाशी. बिचाऱ्या चेंबरचा काही संबंध नव्हता.

मिस्त्री तेवढ्यावर थांबला नाही. म्हणाला, पॅकिंग फाटलं, पण का फाटलं? पिस्टनच्या बाजूने थोडा गॅस खाली उतरतोच, त्याला बाहेर जायला ब्रीदरची वाट असते. ती वाट काजळीच्या चिकट्याने बंद झाली होती. आत दाब वाढला की जिथलं पॅकिंग कमजोर तिथून ऑइल बाहेर. नुसतं पॅकिंग बदललं असतं तर दोन महिन्यांत तेही गेलं असतं. त्याने ब्रीदर साफ केला, नवं पॅकिंग बसवलं, बोल्ट आडव्या-तिडव्या क्रमाने हलक्या हाताने कसले. जास्त कसलं की पत्रा वाकतो म्हणे. आता गाडी कोरडी आहे.

पण माझ्या डोक्यात ते धुणं राहिलं. मीही धुतलं होतं, त्यानेही धुतलं. त्याचं धुणं गळती दिसावी म्हणून, माझं दिसू नये म्हणून. कर्म एकच. तिसऱ्या माणसाने लांबून पाहिलं असतं तर दोघांत फरक सांगता आला नसता.

आमचे मेव्हणे वकील आहेत. त्यांना गमतीत विचारलं. ते म्हणाले, 1872 च्या करार कायद्यात, कलम 17 मध्ये, हेच आहे. नुसतं गप्प राहणं ही सहसा फसवणूक नाही. त्यात घोड्याचं उदाहरण दिलंय: लिलावात माणूस आजारी घोडा विकतो आणि काही बोलत नाही, तर ती फसवणूक नाही. मला हायसं वाटलं. मग ते म्हणाले, पण पुढे ऐका. घेणारा म्हणाला की तुम्ही नाही म्हटलं नाहीत तर मी घोडा ठीक आहे असं धरतो, आणि तरी विकणारा गप्प, तर ते गप्प राहणं बोलण्यासारखंच. घेणारी स्वतःची मुलगी असेल तर सांगणं कर्तव्यच. आणि माहीत असलेली गोष्ट मुद्दाम झाकून ठेवणं तर सरळच फसवणूक. म्हणजे मुलाने विचारलं, आई 'आपलेच लोक' म्हणाली, आणि झाकण्याचं काम मी पाण्याने केलं. मेव्हण्यांना मी पुढचं काही सांगितलं नाही.

गेल्या शुक्रवारी त्या मुलाला फोन लावला. नंबर तोच होता. नाव सांगितलं, मग सगळं सांगितलं. तो जरा थांबून म्हणाला, "काका, ते मला तिसऱ्याच दिवशी कळलं. फोन करणार होतो. आई म्हणाली, राहू दे, त्यांनाही माहीत नसेल."

चेंबरचं पॅकिंग त्याने दोनदा बदललं होतं. मी म्हणालो, रविवारी गाडी घेऊन ये, खर्च माझा.

परवा ते दोघं आले. गाडी पुन्हा त्याच जागी उभी राहिली. मग मिस्त्रीकडे तेच धुणं, तीच पावडर. डिस्ट्रिब्युटरच्या बुडाशी असलेली रबराची रिंग कडक होऊन गेली होती, आणि ती इतकी स्वस्त की आकडा लिहायलाही संकोच वाटतो. माझे वडील तिच्यापायी वर्षानुवर्षं ऑइल घालत राहिले!

काम चालू असताना त्याची आई आमच्या घरी बसली होती. मी तिलाही सांगितलं, की मला माहीत होतं. सौ. पोहे घेऊन येता येता दारातच थांबल्या. ताई म्हणाल्या, "मग तेव्हाच का नाही सांगितलंत? मी समोरच तर उभी होते."

मला काही उत्तर देता आलं नाही. पोहे खाल्ले त्यांनी. मिस्त्रीचे पैसे मी दिले, मुलाने नको म्हटलं नाही.

— एक गुरुबंधू, राजेंद्र नगर, इंदूर