रवी धरणारा हरी

चिकलठाण्यास कीर्तन आटोपल्यावर एका माउलीने विचारले, "महाराज, लेकरू सव्वा वर्षाचं झालं. सासूबाई म्हणतात, कडुनिंब लावून दूध तोड. काय करू?"

आता हे कीर्तनकाराला काय विचारावे! पण भागवत पाहा, दशमस्कंध, अध्याय ९. यशोदा दही घुसळते आहे; हरी येतो, रवी धरून ठेवतो नि स्तन्य मागतो. रवी अडवणारे पोर का पाळण्यातले? तरी तिने मांडीवर घेतले. उतू जाणाऱ्या दुधासाठी अर्ध्यावर खाली ठेवले मात्र, देवाने डेराच फोडला!

जागतिक आरोग्य संघटनाही सांगते, ६ महिन्यांनंतर वरचे अन्न द्यावे; अंगावरचे दूध २ वर्षे नि पुढेही चालू ठेवावे.

म्हटले, "माय, वरणभात भरव, मागेल तेव्हा पदराखालीही घे. सासूबाईंना उद्या घेऊन ये; हाच अध्याय लावतो."