कुंपण आणि शेत

मायक्रोग्लिया म्हणजे मेंदूतच मुक्काम ठोकून असलेल्या प्रतिकारपेशी. मेंदूतल्या दर दहा-वीस पेशींत साधारण एक या जातीची असते. स्पॅनिश शास्त्रज्ञ पिओ देल रिओ-ओर्तेगा यांनी १९१९ मध्ये त्या वेगळ्या ओळखल्या आणि त्यांना नाव दिले. गर्भावस्थेच्या सुरुवातीलाच त्या मेंदूत शिरतात आणि तिथेच वाढत राहतात.

त्यांचे काम लातूर-नांदेडच्या शेतकऱ्याला चटकन कळेल. ज्वारी दाट उगवली की विरळणी, तण दिसले की खुरपणी. या पेशीही वाढत्या वयात चेतापेशींमधले जादा जोड खाऊन टाकतात. पुढे मेलेल्या पेशी आणि प्रथिनांचा कचरा उचलतात. घोटाळा होतो तो अवेळी विरळणी सुरू झाली की. अल्झायमरसदृश विकार असलेल्या उंदरांत, अमायलॉइड या प्रथिनाच्या गाठी जमण्याआधीच त्या चांगले जोड खाऊ लागतात, हे २०१६ मध्ये दिसून आले. पार्किन्सनच्या रुग्णांच्या मेंदूतही त्या चेतलेल्या आढळतात. कुंपणच शेत खाते, असे म्हणायचा मोह होतो.

तो आवरलेला बरा. ट्रेम-२ या जनुकातला एक दुर्मीळ बदल अल्झायमरचा धोका सुमारे तिप्पट करतो, हे २०१३ मध्ये कळले. हे जनुक मेंदूत मुख्यतः मायक्रोग्लियातच चालते, आणि त्या बदलाने त्यांची सफाई मंदावते. इथे कुंपण खाते म्हणून नव्हे, झोपते म्हणून शेत जाते. कुंपणाला शांत करू पाहणाऱ्या नॅप्रोक्सेन आणि सेलेकॉक्सिब या दाहशामक गोळ्यांच्या अमेरिकेतल्या चाचणीत स्मृतिभ्रंश टळला नाही, यात मग फारसे नवल नाही. उलट, २०२३ मध्ये तिथे मान्यता मिळालेले लेकानेमॅब हे औषध अमायलॉइडला चिकटते आणि तो उचलायला याच पेशींना जुंपते. लाभ मात्र माफक: दीड वर्षात ऱ्हासाचा वेग सुमारे २७ टक्क्यांनी कमी, शिवाय मेंदूला सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोका.

बोलीभाषेत स्मृतिभ्रंशाला अजून 'म्हातारचळ' म्हणतात आणि 'साठी बुद्धी नाठी' म्हणून विषय संपवतात. भारतात साठी ओलांडलेल्यांपैकी सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे जवळपास ८८ लाखांना, स्मृतिभ्रंश आहे; शंभरातल्या ब्याण्णवांहून अधिक जणांना तो नाही. म्हण साफ खोटी ठरते. बी-१२ची कमतरता किंवा थायरॉइडचा बिघाड यांनीही विसर पडतो आणि तो उपचाराने सुधारू शकतो. तेव्हा घरातल्या विसरणाऱ्या माणसाला चळ लागला असे ठरवण्याआधी नांदेडजवळच्या विष्णुपुरीतल्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय संस्थेत एकदा दाखवून आणावे.